पिंजरा नेमका कुठल्या बिबट्यासाठी?

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बायका नोव्हेंबर २०२५ मध्ये गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. गळ्याभोवती जाड पट्टा आणि त्यातून बाहेर आलेली टोकदार खिळ्यांची रांग. असा पट्टा एरवी मेंढपाळ आपल्या कुत्र्याला घालतात, कारण बिबट्या आधी नरडं धरतो. हे फोटो मोबाइलवर फिरले तेव्हा शहरात काही जणांना गंमत वाटली. गंमत वाटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पिंपरखेड-जांबूतच्या शिवारात त्याआधीच्या तीन आठवड्यांत दोन मुलं आणि एक वृद्ध बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक रस्ता अडवला आणि शेवटी नेमबाजांनी एक बिबट्या गोळी घालून मारला.

पुढच्या महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश करून आले. जंगलात एक कोटीच्या शेळ्या सोडा म्हणजे बिबट्या गावात येणार नाही, असं वनमंत्री गणेश नाईक म्हणाले. शिवाय नसबंदी करा, पिंजरे वाढवा, वन्यजीव कायद्यातली बिबट्याची अनुसूची बदला, दुसऱ्या राज्यात पाठवा, अशा सूचनांचा पाऊस पडला. यातल्या काही गोष्टी आपण पंचवीस वर्षांपूर्वी करून पाहिल्या आहेत आणि त्यांचा निकाल छापील स्वरूपात हाताशी आहे. तो कुणी वाचत का नाही, हाच खरा प्रश्न.

शेळ्यांची सूचना एक गृहीत धरून चालते, की बिबट्या जंगलातला आहे आणि भुकेपोटी गावात येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांपुरतं ते खरं नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे फिरले, कोरडवाहू माळावर ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने जागचा हलत नाही. आत सावली आहे, ओल आहे, बाहेरचं दिसत नाही आणि वस्तीवरची कुत्री, डुकरं, शेळ्या चार पावलांवर आहेत. बिबट्याला याहून काय हवं? इथल्या माद्या उसातच वितात आणि पिल्लं उसातच शिकार शिकतात. डोंगरावरचं जंगल त्यांच्यापैकी कित्येकांनी पाहिलेलंही नसेल. त्यांना ‘परत’ जंगलात पाठवण्याची भाषा म्हणूनच चमत्कारिक वाटते.

याचा पुरावा अकोले तालुक्यात मिळाला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात, शेतं आणि वस्त्या यांच्यामध्ये, स्वयंचलित कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहणारा हा भाग. तिथे १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे निघाले आणि जवळपास तेवढेच तरस. विष्ठेच्या तपासणीतून कळलं, की या बिबट्यांच्या अन्नात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव किंवा गावाच्या आसऱ्याने जगणाऱ्या प्राण्यांचा होता. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे उकिरडा आणि त्यावर पोसलेली भटकी कुत्री हीच बिबट्याची शिधापत्रिका. देशातल्या बिबट्यांची २०२२ची अधिकृत गणना १३,८७४ आणि महाराष्ट्राची १,९८५ सांगते, पण ती मुख्यतः वाघांच्या जंगलांमधली आहे. उसातला बिबट्या तिच्यात फारसा धरलेलाच नाही.

आता त्या जुन्या प्रयोगाकडे. २००१ सालच्या सुरुवातीला जुन्नर वनविभागाने गावांजवळ दिसणारे बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलात सोडायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. प्राणीही मरायचा नाही, माणूसही. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर या काळाच्या नोंदी तपासल्या आणि २०११ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. पकडलेले २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटरवर नेऊन सोडले गेले होते. त्याआधीच्या वर्षांत या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते १७वर गेले. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा पुढचा आहे. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं.

असं का व्हावं? बिबट्या हा हद्दीचा प्राणी आहे. आपल्या टापूतला नाला, कुठल्या वस्तीवर कुत्रं बांधलेलं असतं, माणसं किती वाजता झोपतात, हे त्याला पाठ असतं. जीपीएस पट्टे लावलेल्या बिबट्यांच्या नोंदी पाहिल्या तर ते दिवसा घरांपासून लांब राहतात आणि रात्री अगदी भिंतींलगत फिरतात. माणसाला टाळण्याचं कसब अंगी असल्याशिवाय हे जमत नाही. अशा जनावराला पिंजऱ्यात धरायचं, भोवती शेकडो माणसांचा गलका, दात आणि नखं गजांवर मोडलेली, मग अनोळखी मुलखात सोडून द्यायचं. त्याला ना पाण्याची जागा माहीत, ना माणसाची वहिवाट. पुष्कळदा तो तिथे थांबतही नाही, घराच्या दिशेने चालू लागतो आणि वाटेतल्या गावांना त्याचा उपद्रव होतो.

टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ मध्ये काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या हे सोडल्या जागी न थांबण्याचं प्रसिद्ध उदाहरण. गळ्यात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटाजवळ सोडलं, तर हा म्हातारा महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ पोहोचला. वाटेत त्याने माणसाला काही केलं नाही, म्हणून त्याच्यावर सिनेमा निघाला. प्रत्येक बिबट्या असा सोशिक निघेल, याची हमी मात्र कुणी देऊ नये.

इकडे मूळ गावात काय होतं? रिकामा टापू एसटीतल्या खिडकीच्या जागेइतकाच वेळ रिकामा राहतो. आईपासून नुकतेच सुटलेले, हद्दीच्या शोधात भटकणारे तरुण बिबटे तिथे शिरतात. त्यांना ना इथली माणसं माहीत, ना शिकारीचं कसब पुरतं आलेलं. लोकांच्या समाधानासाठी लावलेल्या पिंजऱ्यात बोकडाच्या वासाने कोण शिरेल हे पिंजऱ्याला कळत नाही. शिरतो तो बहुधा त्या शिवारात राहणारा कुणीही, आणि माणूस मारणारा बाहेरच राहू शकतो. ‘पिंजरा लावा’ ही मागणी मी चुकीची म्हणणार नाही. दारात मूल गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण पकडलेल्या बिबट्यांची संख्या हे सुरक्षिततेचं माप नाही, आणि खातं मात्र तीच संख्या पुढे करतं.

इथे प्राणिप्रेमी वाचकाला न रुचणारंही सांगायला हवं. एखादा बिबट्या माणसाला भक्ष्य समजू लागला असेल आणि तोच तो असल्याचं ठरलं असेल, तर त्याला लवकरात लवकर कायमचं हटवलं पाहिजे. जेरबंद होत नसेल तर गोळी घालून. उशीर झाला तर त्याची किंमत पुढचं मूल मोजतं, आणि संतापलेला जमाव मग विष घालायला, सापळे लावायला मागेपुढे पाहत नाही. ‘तोच तो’ ठरवण्याची साधनं आज आहेत. बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आणि डाव्या-उजव्या कुशीची नक्षीसुद्धा सारखी नसते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी कॅमेरे लावावे लागतात. जखमेवर किंवा कपड्यांवर राहिलेल्या लाळेतून डीएनए काढता येतो, मग पकडलेल्या जनावराशी तो ताडून पाहता येतो. मात्र लाळेचा नमुना पहिल्या काही तासांतच नीट मिळतो, आणि नेमके तेच तास पंचनामा, गर्दी आणि रास्ता रोको यांत निघून जातात.

कायदा याच्या आड येतो का? १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा बिबट्याला पहिल्या अनुसूचीत ठेवतो. तरीही त्याच कायद्याचं कलम ११ माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांना देऊ देतं. अट एवढीच, की पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी त्यांची खात्री पटली पाहिजे. पिंपरखेडला गोळी याच कायद्याच्या राज्यात चालली. बिबट्या दुसऱ्या अनुसूचीत गेला, तर परवानगी खालच्या अधिकाऱ्यालाही देता येईल, मालमत्तेचा धोका पुरेसा ठरेल आणि एका जनावराऐवजी एखाद्या भागातल्या गटासाठीही आदेश निघू शकेल. निर्णय लवकर होतील, हे खरं. पण माणूस मारणारा कोणता हे शोधण्याची गरजच त्यातून उडून जाईल, आणि जुन्नरच्या नोंदी पाहता मला तेच धोक्याचं वाटतं.

सरसकट मारण्याने हल्ले कमी होतात का, यावर जगातही एकमत नाही. अमेरिकेत लांडगे मारल्यावर पुढच्या वर्षी गुरांवरचे हल्ले वाढले, असा निष्कर्ष २०१४ मध्ये निघाला. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी वेगळ्या रीतीने मांडून उलट निष्कर्ष काढला.

नसबंदीला केंद्राने प्रायोगिक मान्यता दिली आहे. प्रयोग म्हणून तो व्हावा, माझा विरोध नाही. फक्त हिशेब समजून घ्यावा. मादी साधारण तीन महिने गाभण राहते, दोन-तीन पिल्लं घालते आणि ती पिल्लं दीड-दोन वर्षं तिच्याबरोबर असतात. आज नसबंदी केलेली मादी उद्याही शिकार करणारच, आणखी कित्येक वर्षं. हल्ला करणारं जनावर आजच उसात फिरतंय, त्याचा जन्म रोखण्याची वेळ टळून गेली आहे. शिवाय चार तालुक्यांना कुंपण नाही. संगमनेर, पारनेर, अकोल्याकडून बिबटे येत राहणारच. प्रत्येक मादी पकडणं, शस्त्रक्रिया करणं किंवा लस टोचणं, ओळखीची खूण करून तिथेच सोडणं हे सगळं झाल्यावर, सात-आठ वर्षांनी संख्या थोडी उतरेल. ‘तिथेच सोडणं’ हे शब्द ग्रामसभेत कोण उच्चारणार, हा वेगळा प्रश्न.

मग आज रात्रीचं काय? बळी कोण पडतं ते पाहावं. बिबट्याला पेलणारी शिकार साधारण दहा ते चाळीस किलोंची. लहान मूल त्यात बसतं. खुरपायला वाकलेली किंवा उसाच्या कडेला विधीला बसलेली बाई त्याला दोन पायांची दिसतच नाही. मेंढपाळांच्या वाड्यावर मेंढरं वाघरीच्या जाळ्याआड सुरक्षित असतात आणि पोरं बाहेर उघड्यावर झोपतात. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांना दार नसतं, कापडाचा पडदा असतो. शेतकऱ्याच्या पंपाला थ्री फेज वीज पाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात तो बॅटरी घेऊन उसात दारं धरायला उतरतो, पाण्याच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नाही आणि वाकून माती ओढताना त्याची पाठ अंधाराकडे असते. दिवसा वीज मिळाली तर हा माणूस त्या वेळी त्या जागी नसेल. कुठल्याही पिंजऱ्याहून हा उपाय खात्रीचा आहे, आणि तो वनखात्याच्या हातात नाही, ऊर्जाखात्याच्या हातात आहे. शौचालय ग्रामविकासाकडे, शाळेची गाडी शिक्षणाकडे, मजुरांच्या कोप्या कारखान्याकडे. शिव्या मात्र एकट्या वनरक्षकाला. महाराष्ट्रात वन्यप्राण्याने मारलेल्या माणसाच्या वारसांना आता २५ लाख रुपये मिळतात. एका मृत्यूच्या भरपाईत मेंढपाळांच्या किती वाड्यांना बंद तंबू आणि सौर दिवे आले असते, हे गणित मंत्र्यांनी शेळ्यांऐवजी मांडायला हरकत नव्हती.

ऊसतोडणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. मजूर कोयत्याने फड संपवत आणतात, शेवटच्या चार-दोन सऱ्या उरतात आणि पाचटात मांजराएवढी पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून नेत आणि मादी रात्रभर बिथरून वस्त्यांभोवती फिरे. आता जुन्नरचं वनखातं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले पशुवैद्य पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच बांधावर खोक्यात ठेवतात आणि कॅमेरा लावून माणसं मागे घेतात. बहुतेक वेळा मादी येते, खोकं उलथवते, एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते. गावकऱ्यांना पटायला वेळ लागला, पण मादी शांतपणे निघून गेलेली पाहिल्यावर पटलं.

या कामात अडचण असते ती माहितीची. कुठला फड कुठल्या दिवशी तुटणार, शेजारी किती ऊस उभा आहे, मजुरांच्या कोप्या कुठे पडल्यात, हे वनखात्याला ओरड झाल्यावर कळतं. कारखान्याच्या शेतकी कार्यालयाला ते आधीच ठाऊक असतं. गटनंबरासह उसाची नोंद, लागणीची तारीख आणि तोडणीचा कार्यक्रम त्यांच्याकडे असतो, आणि कारखान्याचा चिटबॉय रोज बांधावर फिरतो. बिबट्या उद्या कुठल्या शेतातून उठून कुठल्या वस्तीकडे सरकेल, याचा इतका चांगला अंदाज दुसऱ्या कुठल्या यंत्रणेकडे नाही. तोडणीचा हा कार्यक्रम गाळप सुरू असेपर्यंत रोज संध्याकाळी त्या टापूच्या वनपालाला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना मोबाइलवर पाठवायला कारखान्याला एक पैसाही खर्च येणार नाही.