तेलकट चेहरा : घासू नका, समजून घ्या

एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो. दुचाकीवरून पुंडलिकनगरला घरी पोचेपर्यंत कपाळ, नाक, हनुवटी तुकतुकीत! तैलग्रंथी तिथेच दाट असतात आणि वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे जास्त तेल सोडतात.

दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. मुलतानी माती तेल शोषते खरी, पण रोज लावली तर त्वचा कोरडी पडते. लिंबू नकोच, आग होते. मॉइश्चरायझर मात्र हवे, तेलविरहित.

खरा धोका ‘गोरेपणा’साठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमांचा. त्वचा पातळ होते, पुरळ वाढते. २०१८ पासून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

मुरूम चिघळले, तर घाटी रुग्णालयाचा त्वचारोग विभाग गाठा.