सजगतेचा अभ्यास किती काळ पुरतो?

सजगतेच्या प्रशिक्षणात, म्हणजेच माइंडफुलनेसमध्ये, श्वासावर, शरीरातील संवेदनांवर आणि मनात उठणाऱ्या विचारांवर लक्ष ठेवायला शिकवतात. विचार आला तर त्याच्यामागे धावायचे नाही, त्याला बरे-वाईट ठरवायचे नाही, फक्त त्याची दखल घ्यायची. याची मुळे बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत. इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिकवली जाणारी विपश्यनाही त्याच परंपरेतली. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी यातून काही आठवड्यांचा अभ्यासक्रम बेतला आणि ध्यान रुग्णालयात आले.

अभ्यासक्रम संपताना बहुतेकांना बरे वाटते. ते वाटणे काही वर्षांनंतर उरते का, हे तपासणे मात्र फार अवघड आहे. पाठपुरावा लांबला की माणसे गळतात, आणि ज्यांना गुण आला तेच प्रश्नावली भरून पाठवण्याची शक्यता अधिक असते. शिवाय तुलनेसाठी थांबवून ठेवलेल्या गटाला पुष्कळदा नंतर तेच प्रशिक्षण दिले जाते. मग तुलना करायची कोणाशी? १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंताविकाराच्या २२ पैकी १८ रुग्णांची तीन वर्षांनी पुन्हा माहिती घेतली गेली. सुधारणा टिकून होती, पण तुलनेचा गटच नव्हता. काळ हे स्वतःच एक औषध असल्यामुळे अशा निष्कर्षावर फार भार टाकता येत नाही.

म्हणूनच नॉर्वेतला एक अभ्यास मोलाचा ठरतो. त्यात वैद्यक आणि मानसशास्त्राच्या २८८ विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले गेले. १४४ जणांना सात आठवड्यांत मिळून पंधरा तासांचे प्रशिक्षण मिळाले आणि पुढे वर्षातून दोनदा उजळणी. उरलेले नेहमीचे शिक्षण घेत राहिले. सहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित गटाने अधिक समाधान नोंदवले. अडचण टाळण्याची त्यांची सवय कमी झाली होती, तिला भिडून मार्ग काढण्याची वाढली होती, आणि ज्यांच्यात ही दुसरी सवय अधिक वाढली त्यांचे समाधानही अधिक वाढले होते. विशेष म्हणजे नियमित ध्यानाला बसणे बहुतेकांकडून फारसे झाले नव्हते. म्हणजे टिकली ती बैठक नव्हे; टिकली अडचणीकडे पाहण्याची रीत. समाधान विद्यार्थ्यांनी स्वतःच नोंदवलेले आहे, ही या अभ्यासाची मर्यादा खरी. तरीही सहा वर्षे तुलनेचा गट राखणे ही मोठी चिकाटी आहे.

नैराश्याच्या क्षेत्रातही भक्कम पुरावा मिळतो. वारंवार नैराश्य येणाऱ्या ४२४ रुग्णांवरची ब्रिटनमधील चाचणी २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. सजगतेवर आधारित उपचार घेऊन, नैराश्यविरोधी गोळ्या कमी करण्यासाठी मदत मिळालेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा, तर गोळ्या चालू ठेवणाऱ्या गटातील ४७ टक्क्यांचा आजार दोन वर्षांत उलटला. हा फरक नगण्य आहे. गोळ्यांपेक्षा हा उपचार सरस ठरला नाही, पण सतत गोळ्या घेणे नकोसे झालेल्यांसाठी वैद्यकीय देखरेखीखालचा एक विचारात घेण्याजोगा मार्ग पुढे आला.

शाळांमधला अनुभव वेगळा आहे. ब्रिटनमधील ८५ शाळांत, आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. वर्षभरानंतर सजगता शिकलेल्या आणि नेहमीचे तास झालेल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात सरासरीने फरक दिसला नाही. आधीच मानसिक त्रासाची लक्षणे असलेल्या मुलांबाबत तर काही निष्कर्ष किंचित प्रतिकूल होते. घरी सराव फारच थोड्या मुलांनी केला होता. नॉर्वेतही सराव तुटपुंजाच होता, पण तिथले विद्यार्थी प्रौढ होते आणि आपणहून अभ्यासात आले होते. ब्रिटिश शाळांत हा विषय वेळापत्रकातून अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला आला होता.