घरातलं पोर गंभीर आजारी पडतं तेव्हा शेजाऱ्यांनी काय करावं?

आमच्या वारज्यातल्या वस्तीत दहावीला असलेल्या एका मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला. त्याचं नाव इथे सांगत नाही. वडील बिगारी काम करतात, आई चार घरची धुणीभांडी. बातमी कळली त्या संध्याकाळी दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं जमली. सगळे मायेनंच आले होते. पण एकाला खोकला होता, आणि एक मावशी पोरासमोरच म्हणाल्या, "यातून कुणी वाचत नाही." आठ दिवसांनी येणारे थांबले. उपचार मात्र दोन-तीन वर्षं चालायचे होते.

म्हणून हा लेख त्या घरासाठी कमी आणि शेजाऱ्यांसाठी जास्त आहे.

आधी आजार समजून घ्या

रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथे बिघडलेल्या पांढऱ्या पेशी वाढल्या की चांगलं रक्त तयार व्हायला जागाच उरत नाही. मग थकवा येतो, ताप येतो, अंगावर निळे डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येतं. हा आजार लागट नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही, आणि तो कुणाच्या कर्माचं फळही नाही. मुलांमध्ये जो प्रकार जास्त दिसतो, त्यात पूर्ण उपचार घेतलेली बरीच मुलं बरी होतात. पहिल्या एक-दोन महिन्यांत पोर हसायला-खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, झालं बरं. खरा धोका तिथेच असतो. लपलेल्या पेशी शिल्लक असतात. उपचार अर्धवट सोडले तर आजार उलटतो. भगताकडे नेण्याचा सल्ला कुणी दिला तर शेजाऱ्यांनीच ठामपणे नाही म्हणावं.

ताप आला तर सकाळची वाट बघू नका

इथे माझीच चूक सांगते. एका रात्री त्या मुलाच्या आईनं मला फोन केला, "ताई, अंग गरम लागतंय." मी इतकी वर्षं नर्स म्हणून काम केलेली, तरी झोपेत बोलून गेले, "गोळी द्या, सकाळी बघू." सकाळी तो अतिदक्षता विभागात होता. वाचला, पण ते चार दिवस मी विसरणार नाही. केमोथेरपीमुळे शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी होते. थर्मामीटरवर 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप दिसला तर आधी दवाखान्यात फोन करा आणि लगेच निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका, तापच झाकला जातो. शेजाऱ्यांनी एवढं ठरवून ठेवावं: रात्री कुणाची रिक्षा निघेल आणि लहान बहिणीजवळ कोण झोपेल.

भेटायला जाताना

सर्दी, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर जाऊ नका, फोन करा. गेलात तर साबणानं हात धुवा, दोघांपेक्षा जास्त जण आत जाऊ नका, पंधरा मिनिटांत उठा. डबा द्यायचा तर ताजा, गरम, नीट शिजवलेला द्या. गाड्यावरची कापलेली फळं, कच्ची मोड आलेली कडधान्यं, उघडी चटणी नको. पाणी उकळलेलं द्या.

रक्त

आपण 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला रक्तदान शिबिर घेतो, चांगलंच करतो. पण प्लेटलेट पिशवीत साधारण पाचच दिवस टिकतात. एप्रिलच्या प्लेटलेट ऑगस्टमध्ये कशा मिळणार? म्हणून विहारात एक वही ठेवा: नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्तदान कधी केलं. 18 वर्षांपुढची निरोगी माणसं त्यात हवीत. फोन आला की एकानं निघायचं, सगळ्यांनी एकदम नाही.

पैसा आणि कागद

सावकाराकडे जाण्याआधी कागद जमवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. चौकशीचा फोन 155388. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तो हक्क आहे, भीक नाही. तिथल्या समाजसेवकाला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवा. पुणे महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचीही चौकशी करा. मुंबईला टाटा रुग्णालयात जावं लागलं तर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालय देतं. लिहिता-वाचता येणाऱ्या एका मुलानं किंवा मुलीनं त्या घराची फाईल सांभाळावी.

"काही लागलं तर सांगा" म्हणू नका

खचलेली आई सांगत नाही. त्यापेक्षा म्हणा, "मंगळवारी डबा माझा. गुरुवारी ससूनला मी सोबत येते, दादांचा खाडा नको." आमच्या महिला मंडळानं सात घरांत सात वार वाटून घेतले. कुणावरच भार पडला नाही.

आणि त्या पोराला विसरू नका. पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू सगळं समजतं. त्याच्यापासून लपवाल तर ते एकटं पडतं. डॉक्टरांना त्याच्यासमोर विचारा, त्यालाही विचारू द्या. केस गेले तर टक लावून बघू नका. आमच्याकडे त्याचा एक मित्र रोज दारातून वह्या देऊन क्रिकेटच्या गप्पा मारायचा. औषधाइतकाच त्याला त्या गप्पांचा आधार होता.

1897 साली याच पुण्यात प्लेगची साथ होती. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. आपल्याला आज कुणाला पाठीवर घ्यायचं नाही. आठवड्यातला एक वार घ्यायचा आहे.

येत्या रविवारी वंदना झाली की वही उघडा. पहिलं नाव तुमचं लिहा.

जयभीम.