प्री-हायर लेटर आलं, म्हणजे नोकरी लागली का?

स्वतःचा ट्रक घ्यायच्या आधी अमेरिकेत बहुतेक जण कंपनीत ड्रायव्हर म्हणून सुरुवात करतात. तिथे लायसन्स मिळण्याआधीच कंपन्या 'प्री-हायर लेटर' देतात. लगेच पेढे वाटू नका! कंपनी एवढंच म्हणते : अटी पूर्ण करा, मग बघू. सीडीएल लायसन्स, डॉक्टरी तपासणी, ड्रग टेस्ट हे सगळं अजून बाकीच असतं. जानेवारी २०२० पासूनच्या सरकारी 'क्लिअरिंगहाउस'मध्ये जुन्या नापास ड्रग टेस्टची नोंद आहे का, हे कंपनीला बघावंच लागतं. अर्जात लपवलेला अपघात सापडला, की ते पत्र रद्दीत.

त्यामुळे एका पत्राच्या भरवशावर कर्ज काढून स्कूलची फी भरू नका. चार-पाच ठिकाणी अर्ज टाका. आणि स्पष्ट विचारा : ट्रेनिंगचा पगार किती? फी तुम्ही भरलीत आणि मी मध्येच सोडलं, तर किती वसूल कराल?