हातात आरसा की ढाल?

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत भांडण होता होता राहिलं. विषय काय, तर हळदीच्या पुडीवरचं चित्र. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्या बायकांना हुरूप आलाय. नुसतं नाव छापून भागायचं नाही, एखादं चिन्ह पाहिजे, असं ठरलं. गटातली सगळ्यात धाकटी सून लग्नाआधी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेली, पण बैठकीत कधी तोंडातून शब्द काढत नाही. तिनं वहीच्या पानावर रंगीत खडूनं चित्र काढून आणलं. जलपरी! कमरेपर्यंत मोकळे केस, एका हातात फणी, दुसऱ्या हातात आरसा.

"आगं माय, ही कोण बया?" एक मावशी म्हणाल्या. सिद्धेश्वर धरणाकडचे मासे आणून बाजारात विकणाऱ्या आमच्या भोई ताई तर म्हणाल्या, "अर्धा मासा कुणी घेत न्हाई बाई, घेतला तर अख्खाच घेतेत." सगळ्या खो खो हसल्या. सूनबाईंनी वही मिटून पदराखाली घेतली. तिचा चेहरा बघून मला राहवेना. म्हटलं, "पान माझ्याकडे दे, पुढच्या बैठकीत बघू."

खरं सांगू का मैत्रिणींनो, मलाही ते चित्र फारसं पटलं नव्हतं. पण त्याला कारण मासा नव्हता, आरसा होता.

युरोपात जुन्या काळी सरदार घराण्यांची, शहरांची कुलचिन्हं असत. ढालीवर सिंह, गरुड, किल्ला असं काहीबाही रंगवायचं, म्हणजे लढाईत आपला कोण, परका कोण ते कळे. या ढालींवर जलपरीही खूप दिसते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्या हातात फणी आणि आरसाच असतो. नटवी, भुलवणारी बाई म्हणून. म्हणजे आमच्या सूनबाईंनी मोबाईलवर बघून जे काढलं, ते शेकडो वर्षांचं जुनंच चित्र होतं. आपल्याकडेही जलपरी राजचिन्हावर चढलेली आहे बरं का. लखनौला अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह यानं १८५० च्या आगेमागे कैसरबाग बांधली, तिथल्या दरवाजांवर जलपऱ्या आहेत. अवधच्या दोन माशांची जोडी तर आजही उत्तर प्रदेश सरकारच्या चिन्हावर आहे.

पण मला आठवली ती वेगळीच जलपरी. आणि ती आठवायला कारण कोल्हापूर!

मागे मावसबहिणीकडे कोल्हापूरला गेले होते. अंबाबाईचं दर्शन झालं, संध्याकाळी तिनं महावीर उद्यानात नेलं. तिथे एक स्तंभ आहे, पोलंडच्या लोकांची आठवण म्हणून. मला वाटलं, कुठलं पोलंड आणि कुठलं कोल्हापूर! मग बहिणीनं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबं घरातून उचलून सैबेरियाकडे नेली. थंडीनं, उपासमारीनं कितीतरी माणसं गेली. पुढे सुटका झाली तेव्हा पुरुष फौजेत भरती झाले, आणि बायका, लेकरं, म्हातारी माणसं इराणमार्गे जिकडे आसरा मिळेल तिकडे पांगली. त्यातली सुमारे पाच हजार माणसं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं राहिली. बहुतेक सगळ्या बायका आणि मुलंच. छावणीत त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभं केलं. परक्या मुलखात, परक्या भाषेत, नवरा जिवंत आहे की नाही ठाऊक नसताना चूल पेटवायची म्हणजे काय, ते बाईलाच कळेल. (आपल्याकडे ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्यांमागे राहणाऱ्या बायका मला हटकून आठवल्या.)

आता जलपरी कुठे आली, म्हणाल. तर या बायकांपैकी कितीतरी जणींचे नवरे, भाऊ, बाप ज्या फौजेत होते, तिच्या खांद्यावरच्या बिल्ल्यावर जलपरी होती! पोलंडची राजधानी वॉर्सा, तिचं शहरचिन्ह म्हणजे जलपरी. जनरल आंदेर्स यांच्या फौजेनं तेच चिन्ह घेतलं आणि १८ मे १९४४ ला इटलीतल्या मोंते कासिनोच्या डोंगरावर आपला झेंडा लावला. त्याच वर्षी त्याच इटलीत आपले मराठा पलटणीचे जवानही लढत होते. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्याच पराक्रमासाठी.

आणि या वॉर्साच्या जलपरीच्या हातात फणी नाही, आरसा नाही. उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हातात ढाल.

तिची गोष्टही छान आहे. नदीतून आलेल्या जलपरीला एका लोभी व्यापाऱ्यानं पकडलं, जत्रेत दाखवून पैसे कमवावेत म्हणून कोंडून ठेवलं. तिचं रडणं ऐकून एका कोळ्याच्या पोरानं तिला सोडवलं. तेव्हा तिनं गावाला शब्द दिला, संकट आलं तर मी राखण करीन. गंमत म्हणजे शहराच्या अगदी जुन्या शिक्क्यावर ती बाई नव्हतीच. पक्ष्याचे पाय, अंगावर खवले, असा काहीतरी विचित्र प्राणी होता. शतकं उलटता उलटता त्याची बाई झाली आणि हत्यार मात्र हातात राहिलं.

तिथल्या नदीकाठी तिचा मोठा पुतळा आहे. तो घडवला लुडविका नित्शोवा या बाईनं, १९३९ मध्ये. त्यासाठी समोर उभी राहिली होती क्रिस्तिना क्राहेल्स्का नावाची मुलगी, शिकणारी, कविता करणारी. पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. क्रिस्तिना त्यात परिचारिका म्हणून होती. जखमींना मदत करतानाच गोळ्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. वय अवघं तीस. सगळं शहर जमीनदोस्त झालं, पुतळा मात्र वाचला. तो अजून नदीकाठी उभा आहे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं माझ्या भाषेत सांगितलं. मोबाईलवर पुतळ्याचा फोटो दाखवला. मावशींनी चष्मा लावून निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "आवं, ही तर आपली भवानीच की! निस्ती शेपटी हाय खाली." औंढ्याला देवळाच्या भिंतीवर इतक्या मूर्ती बघत मोठ्या झालेल्या बायका, त्यांना शेपटीचं काय नवल! नागकन्या चालते तर जलपरी का नको, असंही एकीनं विचारलं.

पण पुडीवर ती आली नाही. अडचण निघाली भलतीच. "हळद देवाला जाती, लग्नाला जाती. तिच्यावर मासा पाहून माळकरी माणूस पुडी घेईल का?" हे म्हणणं सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. धंदा तो धंदा. पुडीवर हळदीचं रोपटं आलं, तेही सूनबाईंनीच काढलं.

मग भोई ताईच बोलल्या. "पुडीवर नगं तर इथं भिंतीवर काढ की." सूनबाईंनी पहिल्यांदाच बैठकीत तोंड उघडलं, "तलवार काढू का विळा?" यावर पाऊण तास चर्चा झाली. विळ्याला मतं जास्त पडली. गेल्या रविवारी रंगाचे डबे आणलेत. शेपटी झाली आहे, ढाल झाली आहे, चेहरा कुणासारखा काढायचा यावर अजून ठरत नाही.