समजून घ्या : उजेड वाढला की द्रावणच होतं भिंग! खळीच्या ग्लासापासून मिरवणुकीतल्या लेसरपर्यंत

सिल्लोड : मक्याच्या स्टार्चची पातळ खळ ग्लासात घ्या आणि बाजूने टॉर्च मारा. दुधट पट्टा दिसेल. टॉर्च दुप्पट प्रखर केला, तर पट्टाही दुप्पट उजळ. मक्याच्या या तालुक्यात प्रयोगाला काहीच खर्च नाही. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी, म्हणजेच पॉलिमर. इथे प्रकाश सरळ हिशेबाने वागतो.

प्रकाश फार तीव्र झाला की हा हिशेब मोडतो. १९६० मध्ये लेसर आला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन यांच्या गटाने ६९४ नॅनोमीटरचा लाल किरण क्वार्ट्झमधून सोडला, तर पलीकडे ३४७ नॅनोमीटरचा अदृश्य अतिनील किरणही मिळाला. गंमत म्हणजे शोधनिबंध छापताना फोटोतला तो बारीक ठिपका डाग समजून पुसला गेला, असं सांगतात.

द्रावणात काय होतं?

लेसरचा किरण मधोमध जास्त तीव्र असतो. द्रावण रंगीत असेल, तर तिथला द्रव तापतो, विरळ होतो आणि त्याचा अपवर्तनांक घटतो. द्रवाचंच अंतर्गोल भिंग बनतं! भिंतीवर ठिपक्याऐवजी पसरट डाग पडतो, कधी एकात एक वलयं. १९६४ मध्ये बेल लॅबमध्ये हा परिणाम दिसला.

काही पॉलिमरमध्ये उष्णतेची वाटही पाहावी लागत नाही. त्यांच्या साखळीत कार्बनचे एकेरी आणि दुहेरी किंवा तिहेरी बंध आलटून पालटून येतात, इलेक्ट्रॉन मोकळेपणाने सरकतात आणि तीव्र प्रकाशाला लगेच प्रतिसाद देतात. पॉलिडायअॅसिटिलीन त्यातलंच. सिल्लोडच्या मिरचीला लाल करणाऱ्या कॅप्सॅन्थिनच्या रेणूतही अशीच बंधांची रांग आहे, फक्त आखूड.

डोळ्यांशी संबंध काय?

गणेश मिरवणुकीतल्या लेसरमुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी नाशिक, कोल्हापुरातून आल्या आहेत. थॅलोसायनिनसारखी रंगद्रव्यं द्रावणात किंवा पॉलिमरमध्ये मिसळली, तर साधा उजेड आरपार जातो. तीव्र स्पंद आला की तेच मिश्रण तो जास्त शोषतं. याला 'ऑप्टिकल लिमिटिंग' म्हणतात.

मग असा चष्मा का नाही? अडचण उंबरठ्याची आहे. डोळ्याचं भिंग किरण पडद्यावर बारीक ठिपक्यात गोळा करतं, त्यामुळे कमी तीव्रतेचा लेसरही तिथे भाजतो. चष्म्याच्या काचेवर मात्र तोच किरण पसरलेला असतो आणि एवढ्याशा तीव्रतेला मिश्रण जागंच होत नाही. शिवाय मिरवणुकीतले लेसर बहुतेक सलग प्रकाश देणारे. लिमिटिंगचे बरेचसे प्रयोग नॅनोसेकंदाच्या स्पंदांवर झालेले.