माध्यमांतर आणि प्रेक्षकाची स्मृती : ‘मोगली’ आणि ‘बनगरवाडी’ यांच्या संदर्भात

प्रस्तावना

सांगली येथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा प्रेक्षकांना कथा आधीपासूनच ठाऊक होती. कुतूहल होते ते परिचित कथा रंगभूमीवर कशी अवतरते याचे. लोकप्रिय कलाकृतीवरील नवा चित्रपट पाहणारा प्रेक्षक आजही याच भूमिकेत असतो. चित्रपट मुळाशी प्रामाणिक आहे का, असा त्याचा प्रश्न असतो. मात्र त्याच्या लेखी ‘मूळ’ म्हणजे नेमके काय, हे आधी तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मोगली : एक कथा, अनेक मुळे

रुडयार्ड किपलिंग यांचे ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून डिस्नेने १९६७ मध्ये ॲनिमेशनपट काढला, तर जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९-९० मध्ये बावन्न भागांची मालिका निर्माण केली. किपलिंगच्या कथांत नसलेली कीचीसारखी पात्रे या मालिकेत आली. १९९० च्या दशकात ती दूरदर्शनवर हिंदीतून प्रसारित झाली. गुलजार यांचे शब्द व विशाल भारद्वाज यांचे संगीत लाभलेले शीर्षकगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकर यांचा आवाज या दोन्ही गोष्टी मूळ जपानी मालिकेत नव्हत्या. तरीही सातारा-सांगलीकडील ज्या मुलांनी ती मालिका रविवारी सकाळी पाहिली, त्यांच्या मनात मोगली रुजला तो याच गीतासह आणि याच आवाजासह.

२०१६ मध्ये जॉन फॅवरो यांचा ‘द जंगल बुक’ प्रदर्शित झाला. त्याचे नाते किपलिंगशी व डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटाशी होते. जपानी मालिकेशी नव्हते. तथापि हिंदी आवृत्तीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकर यांचाच आवाज देण्यात आला आणि प्रसिद्धीसाठी ते जुने गीत नव्याने ध्वनिमुद्रित झाले. म्हणजेच निर्मात्यांच्या लेखी जे मूळ होते, त्याहून निराळे मूळ भारतीय प्रेक्षकाच्या मनात आहे, हे वितरकांनी ओळखले होते. भाषांतराच्या वेळी जोडलेला भाग येथे मुळापेक्षाही अधिक टिकाऊ ठरला.

बनगरवाडी : भूमी हेच प्रमाण

याउलट उदाहरण ‘बनगरवाडी’चे. व्यंकटेश माडगूळकर यांचे माडगूळ हे गाव आज सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात आहे. त्यांच्या १९५५ च्या या कादंबरीवर अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. माणदेशातील प्रेक्षक हा चित्रपट पाहताना केवळ पुस्तकाशी तुलना करीत नाही. माळरान, मेंढरे, धनगरांची बोली व दुष्काळ यांचा त्याला प्रत्यक्ष अनुभव असतो. येथे कादंबरी व चित्रपट या दोहोंच्याही आधी भूमी आहे. मोगलीच्या सिवनीच्या जंगलाबाबत अशी पडताळणी या भागातील प्रेक्षकाला शक्य नव्हती. त्यामुळे तेथे आवाज आणि गीत हेच प्रमाण ठरले.

निष्कर्ष

या विवेचनावरून असे दिसते की, प्रेक्षकाच्या दृष्टीने ‘मूळ’ ही कालक्रमाने पहिली कृती नसून त्याला प्रथम भेटलेली कृती असते. नव्या रूपांतराविषयीची नाराजी पुष्कळदा या पहिल्या भेटीतून उद्भवते. ती भेट कोणत्या भाषेत झाली, हेही महत्त्वाचे आहे. मराठी मुलांच्या एका पिढीचा मोगली हिंदी बोलतो. बालपणीच्या आवडत्या कथेची स्मृती मातृभाषेबाहेर घडणे ही मराठी बालसाहित्य व बालचित्रपट यांच्या अभ्यासकांनी गांभीर्याने घ्यावी अशी बाब आहे. वर्गात साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकविताना कृतींची कालानुक्रमे यादी देण्यापूर्वी ‘ही कथा तुम्हांला प्रथम कोठे व कोणत्या भाषेत भेटली?’ असे विद्यार्थ्यांना विचारावे. तुलनेचा खरा आरंभ त्या उत्तरापासून होतो.